फोटोतला ठिपका कोणाचा? कॅमेऱ्यातली धूळ आणि तिची सावली

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. पडद्यावर दाखवलेली चित्रं गरज होती तिथे शब्दांत सांगितली आहेत.)



आज एका फोटोपासून सुरुवात करू. पडद्यावर दिसतोय तो राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून घेतलेला आहे. डिसेंबरातली सकाळ, खाली दरीत धुकं, समोर तोरणा आणि वर भरपूर मोकळं आकाश. हा फोटो मी एकदा शाळेतल्या मुलांना दाखवला आणि विचारलं, काय काय दिसतंय? एक मुलगी लगेच म्हणाली, "सर, पाच घारी."

घारी दोनच होत्या. उरलेले तीन ठिपके माझ्या कॅमेऱ्यातली धूळ होती. मी तसं कबूल केलं. त्यावर तिचा पुढचा प्रश्न आला, "मग कुठल्या दोन खऱ्या, हे तुम्हाला कसं कळलं?"

(हशा)

हसू नका, प्रश्न फार चांगला आहे. ठिपका जगातला आहे की कॅमेऱ्यातला, हे कसं ओळखायचं? कॅमेऱ्यातला असेल तर तो कुठे बसलाय, काढायचा कसा, आणि काढताना फोटोतलं खरं काही पुसलं जाणार नाही याची काळजी कशी घ्यायची? आजचं बोलणं एवढंच आहे.

धूळ नक्की कुठे असते?

डाग दिसला की आपण पहिल्यांदा काय करतो? लेन्सची पुढची काच पुसतो. शर्टाच्या टोकाने पुसतो, हे तर आणखी वाईट. आणि डाग तसाच राहतो.

घरी एक प्रयोग करून बघा. ५० मिलिमीटरची लेन्स घ्या, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवा आणि पुढच्या काचेवर ज्वारीच्या दाण्याएवढा कागदाचा कपटा अलगद ठेवा किंवा लेन्ससमोर धरा. लांबच्या झाडाचा फोटो काढा. कपटा फोटोत दिसणार नाही. फार तर चित्र किंचित फिकं येईल. कारण झाडाच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेला प्रकाश लेन्सच्या सगळ्या भागातून आत येतो. मध्ये थोडी जागा अडली तर सगळ्याच चित्राचा थोडा थोडा प्रकाश कमी होतो, एका जागी डाग पडत नाही. फार वाइड लेन्स असेल आणि ॲपर्चर बारीक असेल तर पुढच्या काचेवरचा मोठा थेंब दिसतो, हा अपवाद लक्षात ठेवा. पण आकाशातले ते छोटे गोल करडे ठिपके लेन्सवरचे नसतात.

ते असतात सेन्सरपाशी. 'सेन्सरवर' असं आपण म्हणतो, पण धूळ खुद्द सेन्सरला चिकटत नाही. सेन्सरच्या पुढे पातळ काचेचे फिल्टर बसवलेले असतात, धूळ त्या काचेवर बसते. म्हणजे धुळीचा कण आणि प्रकाश टिपणारे पिक्सेल यांच्यात थोडं अंतर असतं. कॅमेऱ्याप्रमाणे ते कमीजास्त असतं, आपण हिशेबासाठी १ मिलिमीटर धरू. सगळी गंमत या अंतरात आहे.

फिल्मच्या काळात ही तक्रार एवढी का नव्हती? कारण प्रत्येक फोटोला फिल्मचा नवा तुकडा पुढे यायचा. कण बसला तरी त्या एका फ्रेमबरोबर निघून जायचा. डिजिटलमध्ये फिल्म एकच आणि ती कधीच पुढे सरकत नाही. आज बसलेला कण उद्याच्या, परवाच्या, सगळ्याच फोटोंत त्याच जागी हजर.

आपल्याला दिसते ती सावली

आता मुख्य मुद्दा. फोटोत दिसतो तो धुळीचा कण नसून त्याची सावली असते. एवढं पटलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

घार अगदी खालून उडत गेली तर अंगणात तिची सावली सरकताना दिसते. तीच घार खूप उंच गेली की सावली पुसट होत होत नाहीशी होते. किंवा घरातलं उदाहरण घ्या. लांब ट्यूबलाइटखाली पेन्सिल ट्यूबला आडवी धरली तर जमिनीवर सावली धड पडत नाही. मोबाइलच्या टॉर्चसमोर धरली की रेखीव सावली पडते. प्रकाशाचा उगम मोठा असेल तर सावली पसरते आणि फिकी होते. उगम छोटा असेल तर ती घट्ट आणि गडद होते.

सेन्सरच्या दृष्टीने प्रकाशाचा उगम कोणता? लेन्समधलं ॲपर्चरचं भोक. एफ/२.८ म्हणजे मोठं भोक, म्हणजे ट्यूबलाइट. एफ/१६ म्हणजे बारीक भोक, म्हणजे टॉर्च.

ढोबळ आकडेमोड करून बघू. २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा घेऊ. सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, पिक्सेल ६००० बाय ४०००, म्हणजे एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा. धुळीचा कण ३० मायक्रॉनचा धरू, साधारण केसाच्या जाडीच्या निम्मा.

एफ/२.८ ला, एक मिलिमीटर अंतरावर, प्रकाशाचा शंकू १ भागिले २.८, म्हणजे साधारण ३६० मायक्रॉन रुंद असतो. त्यात ३० मायक्रॉनचा कण. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर प्रकाशाचा सुमारे १४४वा भाग अडतो, एक टक्कासुद्धा नाही. तोही साठ-पासष्ट पिक्सेलवर पसरलेला. डोळ्याला काहीच कळत नाही.

एफ/१६ ला तोच शंकू फक्त ६२ मायक्रॉनचा होतो. आता तोच कण मधल्या जागी जवळजवळ पाव प्रकाश अडवतो आणि डाग पंधराएक पिक्सेलमध्ये आवळला जातो. निळ्या आकाशावर तो ठसठशीत दिसतो.

म्हणून लग्नात, घरात, पोर्ट्रेट काढताना वर्षभर डाग दिसत नाहीत, आणि गडावर जाऊन एफ/१६ ला आकाश घेतलं की एकदम 'कॅमेरा खराब झाला' असं वाटतं. कॅमेरा कालही तसाच होता. तुम्ही फक्त ट्यूबलाइट बंद करून टॉर्च लावलात.

धूळ शोधायची कशी?

कॅमेरा ॲपर्चर प्रायॉरिटीवर ठेवा. आयएसओ सगळ्यात कमी, ॲपर्चर एफ/१६ किंवा एफ/२२. ऑटोफोकस बंद करा आणि फोकस मुद्दाम चुकवा. समोर साधं काहीतरी हवं: मोकळं आकाश, पांढरी भिंत किंवा संगणकाचा कोरा पांढरा पडदा. शटर एखाद्या सेकंदाचं आलं तर उत्तम, त्या वेळात कॅमेरा हळूच हलवत राहा. भिंतीचे पोपडे आणि पडद्याचे ठिपके पुसट होतील. धूळ मात्र सेन्सरबरोबरच हलते, त्यामुळे ती जशीच्या तशी उमटेल.

मग फोटो संगणकावर शंभर टक्क्यांवर उघडा, कॉन्ट्रास्ट वाढवा आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघा. गोल करडे ठिपके म्हणजे सुटी धूळ. वाकडी रेघ म्हणजे कापडाचा धागा. गोल पण कडेला फिकी कड किंवा मधे उजेड असेल तर तेलाचा किंवा वाळलेल्या पाण्याचा थेंब असण्याची शक्यता जास्त, आणि तो फुंकून जाणार नाही.

डाग सेन्सरवर शोधताना लोक हमखास गोंधळतात. लेन्स सेन्सरवर उलटी प्रतिमा पाडते. कॅमेरा सरळ धरून समोरून आत पाहिलं तर फोटोत वर दिसणारा डाग सेन्सरवर खाली असतो. डावं-उजवं मात्र बदलत नाही, कारण आपण आता समोरच्या बाजूने बघतोय. फोटोत डाग वर डावीकडे असेल तर सेन्सरवर तो खाली डावीकडे. आकाशातला डाग म्हणजे सेन्सरची खालची बाजू, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

साफ करताना: आधी सोपं, मग अवघड

पहिली पायरी कॅमेऱ्यालाच करू द्या. सेन्सरपुढची काच अतिशय वेगाने थरथरवून धूळ झटकायची सोय ऑलिंपसच्या ई-१ या कॅमेऱ्यात २००३ साली आली. २००६ मध्ये कॅननच्या ४००डी मध्ये तशी सोय आली आणि आता ती बहुतेक कॅमेऱ्यांत असते. मेनूमध्ये जाऊन ती दोन-चार वेळा चालवा. कोरडी धूळ बरीचशी इथेच सुटते.

दुसरी पायरी ब्लोअर, तो रबरी फुगा. बॅटरी पूर्ण भरलेली हवी. डीएसएलआर असेल तर मेनूतलं सेन्सर क्लीनिंग निवडा म्हणजे आरसा वर जाऊन थांबतो. बल्ब मोडवर शटर उघडं धरून हे काम करू नका, बोट सुटलं की शटर मिटतं. कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे ठेवा म्हणजे सुटलेली धूळ खाली पडेल. ब्लोअर आधी दोनदा बाहेर हवेत दाबा, त्याच्या नळीतही धूळ असते. आणि नळीचं टोक आत खुपसू नका.

दोन गोष्टी कधीच करायच्या नाहीत. तोंडाने फुंकर मारायची नाही. मी स्वतः मारली आहे, एका कणाच्या जागी थुंकीचे सात बारीक थेंब आले आणि ते फुंकून जाईनात. दुसरी म्हणजे डबाबंद दाबाची हवा. डबा वाकडा झाला की आतला द्रव बाहेर उडतो आणि काचेवर डाग बसतो.

तिसरी पायरी ओली सफाई. सेन्सरच्या रुंदीचे खास स्वॅब मिळतात, फुल फ्रेमसाठी २४ मिलिमीटरचे, एपीएस-सी साठी १६ मिलिमीटरचे. त्यासाठीचंच द्रावण, एक-दोन थेंब. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एक सलग हात, स्वॅब उलटवून परत एक हात, आणि तो स्वॅब कचऱ्यात. त्याच स्वॅबने पुन्हा पुसलं तर काढलेला कणच काचेवर घासला जातो. आणि ओल्या सफाईआधी ब्लोअर चालवलाच पाहिजे. वाळूचा कण स्वॅबखाली सापडला तर ओरखडा पडतो, आणि त्याला औषध नाही.

हात थरथरत असेल, खात्री नसेल, तर सर्व्हिस सेंटरला द्या. त्यात कमीपणा काही नाही.

पण त्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: हा डाग मला खरंच नडतोय का? चाचणीच्या फोटोत कोपऱ्यात दोन ठिपके दिसले म्हणून स्वॅब उचलायचा नाही. संपूर्ण स्वच्छ सेन्सर कोणाकडेच नसतो. साफ करण्यात जो धोका आहे तो धुळीच्या धोक्यापेक्षा कधीकधी मोठा असतो.

धूळ कमी जावी म्हणून काय करायचं? लेन्स बदलताना कॅमेरा बंद, तोंड खाली, दुसरी लेन्स आधीच हाताशी तयार. लेन्सचं मागचं टोक आणि झाकणं साफ ठेवा, बरीच धूळ तिथूनच आत पडते. आणि जागा बघा. जेजुरीत सोमवतीला भंडारा उधळला जात असताना तिथेच उभं राहून लेन्स बदलणाऱ्याला खंडोबाही वाचवू शकत नाही.

(हशा)

तिथे एकच झूम लेन्स लावून जा, किंवा बाजूच्या खोलीत जाऊन बदला.

आधीच निघालेल्या फोटोंचं काय?

सॉफ्टवेअरमध्ये डाग पुसण्याचं साधन सगळ्यांना माहीत आहे. ते काय करतं? डागाच्या शेजारचा तुकडा उचलून डागावर लावतं. शर्टाला ठिगळ लावावं तसं. कोऱ्या आकाशात ठिगळ दिसत नाही. डाग सगळ्या फोटोंत एकाच जागी असतो, म्हणून एका फोटोतली दुरुस्ती शंभर फोटोंना एकदम लावता येते. सोय मोठी आहे, पण सावध राहा. पहिल्या फोटोत त्या जागी आकाश होतं. सदतिसाव्या फोटोत त्याच जागी कोणाचा तरी डोळा असू शकतो.

दुसरी पद्धत खगोलछायाचित्रण करणारे वापरतात. तिला फ्लॅट म्हणतात. त्याच लेन्सने, त्याच फोकसला, त्याच ॲपर्चरला, काहीही न हलवता एकसारख्या उजेडाचा कोरा फोटो काढायचा. त्यात धुळीच्या सावल्या उमटतात. मग मूळ फोटोला त्या फोटोने भागायचं. निकॉन आणि कॅननच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत कोऱ्या फोटोवरून डागांच्या जागा नोंदवण्याची सोय असते. तिथेही सुरुवात याच कल्पनेपासून होते, धुळीचा नकाशा आधी बनवायचा.

या दोन पद्धतींतला फरक महत्त्वाचा आहे. मघाच्या हिशेबात एफ/१६ ला कणाने पाव प्रकाश अडवला. म्हणजे तीन चतुर्थांश प्रकाश तर पोचला! डागाच्या आत खरं चित्र अजून आहे, फक्त अंधारलेलं. भागाकार केला की ते परत उजळतं. ठिगळ लावलं की ते कायमचं झाकलं जातं. एकात आपण होतं ते परत मिळवतो, दुसऱ्यात अंदाजाने भरतो. भरायला हरकत नाही, पण आपण भरलं आहे हे आपल्याला ठाऊक हवं.

ठिपका जपायचा की पुसायचा?

९ मे २०१६ ला बुध सूर्यबिंबावरून गेला. आपल्याकडे दुपारी पावणेपाचच्या सुमाराला ते सुरू झालं आणि अधिक्रमण चालू असतानाच सूर्य मावळला. बुधाचा ठिपका सूर्याच्या व्यासाच्या साधारण १५८वा भाग होता. ५०० मिलिमीटरच्या लेन्सने, अर्थात पुढे सूर्याचा योग्य फिल्टर लावून, फोटो काढला तर मघाच्या सेन्सरवर सूर्य पावणेआठशे पिक्सेलचा येतो आणि बुध जेमतेम पाच पिक्सेलचा. म्हणजे धुळीच्या डागापेक्षाही लहान! सवयीने 'डाग' पुसणाऱ्या माणसाने त्या दिवशी एक ग्रह पुसला असता.

ओळखायचं कसं? कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवा आणि एका मिनिटाने दुसरा फोटो काढा. सूर्य दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाएवढा सरकतो, म्हणजे मिनिटात निम्मा. बुध आणि सौरडाग सूर्याबरोबर सरकलेले दिसतील. धूळ चौकटीत होती तिथेच राहील. जे जगाबरोबर सरकतं ते जगाचं, जे चौकटीला चिकटून राहतं ते कॅमेऱ्याचं.

त्या मुलीला मी हेच उत्तर दिलं. राजगडावर लगेच दुसरा फोटो घेतला होता. दोन घारी हलल्या होत्या, तीन 'घारी' जागच्या जागी होत्या.

ही ओळख फक्त हौशी लोकांच्या कामाची नाही. वर्ल्ड प्रेस फोटो या स्पर्धेत फोटोतली माणसं किंवा वस्तू काढलेल्या चालत नाहीत. सेन्सरवरच्या धुळीचे डाग मात्र काढू देतात. कारण तो डाग प्रसंगाचा भाग नसतो. पण या सवलतीचा आडोसाही घेता येतो. ऑगस्ट २००६ मध्ये, लेबनॉनमधल्या युद्धाच्या काळात, रॉयटर्सने बैरुतवरच्या धुराचा एक फोटो प्रसारित केला. धुराचे तेच ते लोट पुन्हा पुन्हा दिसतायत, हे इंटरनेटवरच्या लोकांनी दाखवून दिलं. धूर कॉपी करून वाढवलेला होता. छायाचित्रकाराचं म्हणणं असं, की मी धुळीचे डाग काढत होतो आणि उजेड नीट नसल्यामुळे चूक झाली. रॉयटर्सने त्याच्याबरोबरचं काम थांबवलं आणि त्याचे ९२० फोटो विक्रीतून काढून घेतले.

म्हणून माझी विनंती: मूळ फाइल कधीही टाकून देऊ नका. डाग पुसलेली प्रत वेगळी ठेवा. कोणी विचारलं, इथे काय होतं, तर दाखवता आलं पाहिजे.

प्रश्नोत्तरं

*सर, मी लग्नाची कामं करते. सगळं एफ/२.८ ला. डाग दिसत नाहीत. तरी सेन्सर साफ करायचा का?*

घाई नाही. पण भर दुपारी बाहेरचा ग्रुप फोटो एफ/११ ला घ्याल तेव्हा डाग वर येतील. आणि व्हिडिओ करत असाल तर आधी चाचणी घ्याच. फोटोतला डाग पुसता येतो. व्हिडिओत माणसं हलतात आणि डाग मात्र एका जागी बसून राहतो, तो लगेच डोळ्यात भरतो आणि काढायलाही त्रास होतो.

*मोबाइलमध्ये हे होत नाही का?*

मोबाइलची लेन्स निघत नाही, त्यामुळे धूळ सहसा आत जात नाही. गेलीच तर घरी उघडू नका, दुकानात द्या. मोबाइलचे फोटो धुरकट येण्याचं नेहमीचं कारण वेगळं आहे, काचेवरचा बोटाचा तेलकट ठसा. मऊ स्वच्छ कापडाने पुसा, पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं.

*किती महिन्यांनी साफ करावा?*

महिने मोजू नका. मोठ्या सहलीआधी किंवा महत्त्वाच्या कामाआधी एफ/१६ ला आकाशाचा एक फोटो काढा. तो फोटोच सांगेल. आणि तो जपून ठेवा. परत आल्यावर एखाद्या ठिपक्याबद्दल शंका आली, तर तो निघण्याआधीपासूनच तुमच्याकडे होता की वाटेत भेटला, हे त्या फोटोवरून कळेल.